बिंबलाने घासलेलं पिस्तूल

रेवदंडा,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय गणूदादा,

नमस्कार. तू बरा असशील आणि प्रणालीवहिनीही बरी असेल असं धरून चालते, कारण विचारलं तर तू सांगणार नाहीस. तुझा उलव्याचा पत्ता तिनेच दिला. तिला ओरडू नकोस, मी चार दिवस तिला भंडावून सोडलं होतं. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हटलं, पत्रच लिहावं. फेकून द्यायचं झालं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

इकडे सगळं ठीक. गावी आईचे गुडघे कुरकुरतात, पण लावणीच्या वेळी बांधावर खुर्ची टाकून बसली आणि सगळ्यांना दमात घेतलं. तुझ्या मेहुण्यांची, विनेशरावांची रिक्षा अलिबागच्या फेऱ्या मारतेय. मी शनिवार-रविवार पर्यटकांना घरगुती जेवण देते. सुरमईची तुकडी लहान म्हणून कुरकुर करणाऱ्याला मी दुसरी वाढते आणि दोन शब्दही ऐकवते. माणसं तरी पुन्हा येतात.

आता मुद्द्याचं. पिस्तूल सापडलं.

हो, तेच. खंडेनवमीला कोयते, विळे, नांगराचा फाळ यांच्या मधोमध बाबा पाटावर ठेवायचे ते, भागोजी खापरपणजोबांचं ठासणीचं पिस्तूल. ज्याच्यावरून अकरा वर्षांपूर्वी भर भावकीत बाबा तुला चोर म्हणाले आणि तू पायात चपला सरकवून निघून गेलास. एका ट्रंकेत होतं. लाकडाला चीर गेली आहे, लोखंड गंजलं होतं, पण आहे. तू ते विकलं नव्हतंस हे मला माहीतच होतं. आता सगळ्यांना कळेल.

आणि ते सापडल्यामुळे मला जी माणसं मिळाली, त्यांच्याबद्दल तुला सांगायलाच हवं. गंज कसा काढावा हे मोबाइलवर शोधता शोधता मी एका गटात जाऊन पोचले. ‘ठासणी मंडळ’ त्याचं नाव. दोन-अडीचशे माणसं आहेत, कुठकुठली. प्रत्येकाकडे एखाद-दुसरं जुनं, मेलेलं पिस्तूल. मेलेलं म्हणजे ज्यातून आता काही उडणं शक्यच नाही असं. विनेशराव नाव वाचूनच घाबरले. म्हणाले, “उद्या दारात पोलिसांची जीप उभी राहील.” मी म्हटलं, राहू दे, दोन ताटं जास्त वाढीन.

मंडळाचे नियम मात्र कडक. किंमत विचारायची नाही. विचारली की त्याच दिवशी बाहेर. आधी कागदपत्रं, मग कौतुक. आणि नवीन माणसाने पहिला फोटो टाकायचा तो आपल्या चुकीचा. आपल्या हातून त्या वस्तूची काय नासाडी झाली, ते आधी सगळ्यांना दाखवायचं. मग कुणाला शहाणपणा मिरवायला जागाच उरत नाही.

माझी चूक तर अशी होती की ती आपल्याच बायकांच्या हातून व्हावी. मी ते समई-ताम्हणाबरोबर घासलं, दादा. झाडावरच्या आंबट बिंबलाच्या फोडी आणि विटेचा चुरा घेऊन, काथ्याने, दोन्ही हातांनी जोर लावून. लखलखीत झालं. लोखंडाचा तो जुना तपकिरी रंग गेला आणि घोड्याजवळच्या पट्टीवर जी बारीक अक्षरं होती ती पुसली गेली. वर धुऊन उन्हात वाळत घातलं, तर लाकूड तडकलं. संग्राहकांच्या दृष्टीने याच्याहून मोठं पाप नाही म्हणे. त्या रंगातच वस्तूचं वय असतं.

फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘बिंबलाने घासलं.’ माझे कान तापले होते. मला वाटलं, आता हाकलतील. तासाभरात चाळीस जणांनी लिहिलं, आणि प्रत्येकाने स्वतःचंच. सांगलीच्या एका डॉक्टरने आपलं पिस्तूल संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये बुडवलं होतं. सुरतेच्या हेतलबेन, कपड्याचं दुकान आहे त्यांचं, त्यांनी मुलाच्या लग्नात शोभेला म्हणून आजोबांच्या पिस्तुलाला सोनेरी रंग मारला होता. मला विचारतात, ‘बिंबल म्हणजे काय? आंबट असतं? माशात घालता का?’ मी हसून हसून रडले.

रेवसहून नामाकाका आले. जहाजांच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. पिशवीत जवसाचं तेल, मधमाशीचं मेण आणि स्वतःचा डबा, कारण दुसऱ्याच्या घरी जाऊन ओझं व्हायचं नाही म्हणे. मी डबा काढून घेतला आणि जेवायला बसवलं. चार दुपारी पडवीत बसून त्यांनी मला शिकवलं. “बाय, जीव हाय यात अजून. निस्तं आता पानी दावू नको त्याला.” चौथ्या दिवशी जाताना मी दिलेला सोलकढीचा तांब्या मात्र घेऊन गेले.

एक वाईट बातमीही दिली त्यांनी. बाबा सांगायचे ना, भागोजी आंग्रेंच्या आरमारात होते आणि हे पिस्तूल त्यांच्या कमरेला असायचं? घडणीवरून मंडळी म्हणतात, ते आरमार संपल्यानंतरचं आहे. मी हिरमुसले. तर हेतलबेनने लिहिलं, ‘भागोजी खरे असतील. पिस्तूल फक्त उशिरा आलं.’ अशी माणसं आहेत ही. खोटं बोलत नाहीत आणि तरी दुखवत नाहीत. आपल्या घरात चुकलं की आधी आवाज चढायचा, मग हात. चुकलेल्या माणसाला कुणी हसून जवळ घेतं, हे मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पाहिलं.

या खंडेनवमीला ये. तुझ्या हाताने ते पाटावर ठेव.

तुझीच,
सुची

*

रेवदंडा,
९ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं पोस्टकार्ड आलं. अकरा वर्षांनी चार शब्द: ‘ट्रंक कुणाची? घासलं कधी?’ खाली सहीसुद्धा नाही. तू लहानपणीही असाच होतास, माझ्या वहीतली नेमकी चुकलेली ओळ शोधायचास.

गौरी गेल्यावर उत्तर लिहिते म्हटलं, गणपतीत वेळ नव्हता. हे खोटं आहे. वेळ होता.

ट्रंक माझी. लग्नात बाबांनी दिलेली हिरवी. घासलं ते अकरा वर्षांपूर्वीच्या गौरी-गणपतीत, मी माहेरी आले होते तेव्हा. पूजेची भांडी माझ्याकडे होती. पिस्तुलाला बाबांशिवाय कुणी हात लावायचं नाही हे मला ठाऊक होतं. ते वर्षातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवायचे, बस. पण त्याची पितळी कड काळवंडलेली दिसली आणि मला वाटलं, खंडेनवमीला बाबा त्याची पेटी उघडतील आणि म्हणतील, वा, सुचीने केलं हे! बाबांनी मला वा म्हणावं एवढंच हवं होतं. तुला कधीतरी म्हणायचे, मला नाही.

वाळत घातलं तेव्हा लाकूड तडकल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडावर नारिंगी गंज. मी ते टॉवेलात गुंडाळलं आणि सासरी परतताना पिशवीत, नारळांच्या खाली घातलं. अलिबागला कुणाकडून तरी दुरुस्त करून घेईन आणि दसऱ्याच्या आत परत पेटीत ठेवीन, असा हिशेब. अलिबागचा लोहार म्हणाला, लाकडाचं काही होणार नाही. महिना तसाच गेला.

श्रावणात तू मुंबईच्या त्या गृहस्थाला घरी आणलं होतंस, जुन्या वस्तू बघणाऱ्या. त्याने पिस्तुलाची किंमत विचारली आणि बाबांनी त्याला चहाही न पाजता घालवलं. तेवढंच झालं होतं. पण खंडेनवमीला पेटी रिकामी निघाली तेव्हा सगळ्यांना तेवढंच आठवलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात नैवेद्याचं ताट. बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. तेवढ्यात बाबा म्हणाले, “गणूनं इकलं.” अप्पाकाकांनी होकाराची मान हलवली. आणि मला, दादा, सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्याकडे बघून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू नंतर आलं.

मग एक दिवस झाला, एक महिना झाला, आणि जेवढा उशीर तेवढं बोलणं अवघड. बाबा गेले तेव्हा तू स्मशानातून परस्पर परत गेलास, घरात पाऊल टाकलं नाहीस. मी तेव्हाही गप्प बसले. लोकांना वाटलं, बापासाठी रडतेय.

मागच्या पत्रात मी ‘सापडलं’ असं लिहिलं. सापडायला ते हरवलं कुठे होतं?

मंडळाची आणखी एक रीत आहे, ती तुला मुद्दामच सांगितली नव्हती. प्रत्येक हत्याराचं एक पान असतं. कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, कधी, कसं, ओळीने. ते पान पूर्ण झालं की मंडळी पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज तयार करून देतात, म्हणजे निकामी जुनी वस्तू म्हणून त्याची रीतसर नोंद होते. माझं पान बाबांपाशी थांबलं होतं. चार महिने हेतलबेन दर आठवड्याला एकच ओळ लिहायच्या, ‘सुचिताबेन, बाबांनंतर कोण?’ नामाकाकांनी फोन केला. म्हणाले, “बाय, कुनाला अडकवायचं न्हाय आपल्याला. पन खोट्या पानावर मंडळ नाव घालनार न्हाय.”

तुझं पोस्टकार्ड आलं त्याच दुपारी मी लिहिलं, ‘बाबांनंतर त्यांची मुलगी सुचिता, न विचारता नेलं, २०१४ ते आजपर्यंत. आळ भावावर आला, तो तिने येऊ दिला.’ आणि पाठवून दिलं. दोनशे परक्या माणसांना.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग मीच नामाकाकांना फोन लावला, रडत. म्हटलं, काहीतरी बोला. ते म्हणाले, “आमी तुला माफ करून काय उपेग? आमचं तू काय नेलं न्हायस.” आणि मग, “जेवलीस का?”

त्या माणसांनी मला हाकललं नाही आणि सोडलंही नाही. रागाची भीती नसली की खरं बोलता येतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. हे शहाणपण आधी आलं असतं तर तुझी अकरा वर्षं वाचली असती. हे मी तुझ्या मनातलंच लिहितेय, मला माहीत आहे.

पोलिसांत अर्ज दिला. जबाबही दिला, खरा. साहेबांनी फोटो बघितले, दोनदा वाचलं आणि विचारलं, “ताई, हे घासलं कशाने?” कागदाचं काम होईल. पण आळ कागदावर आला नव्हता, अंगणात आला होता. तो तिथेच उतरवायला हवा. आईला मी काल गावी जाऊन सांगितलं. ती उठून आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ.

मी माफी मागत नाही आहे. आधी काम करते, मग मागेन.

सुचिता

*

गावाहून,
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

दादा,

झालं.

सगळी भावकी अंगणात होती. कोयते, विळे, फाळ मांडले. पिस्तूल मी पाटावर ठेवलं नाही, तो मान माझा नाही. हातातच धरलं आणि उभी राहिले. म्हटलं, “अकरा वर्षांपूर्वी हे दादाने विकलं नव्हतं. मी नेलं होतं. त्याला चोर म्हटलं तेव्हा मी त्या दारात उभी होते आणि गप्प बसले.” आवाज कापला नाही. भावकीतल्या ठमीवहिनीच्या हातातली हळदीची वाटी सांडली.

अप्पाकाका म्हणाले, “झालं गेलं. आता कशाला उकरून काढतेस? तुझा बा बी न्हाय आता.”

मी म्हटलं, “बाबा नाहीत, पण तुम्ही आहात. तुम्ही मान हलवली होती.”

ते रागावले, उठले, फाटकापर्यंत गेले. कुणी अडवलं नाही. तिथे थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले आणि परत येऊन बसले. म्हणाले, “गणूवर आळ घेतला तो आमी. चुकी झाली.” ही दोन वाक्यं बोलायला त्यांना पाच मिनिटं लागली असतील, पण बोलले, सगळ्यांसमोर. मी शब्दन्‌शब्द तसाच लिहिला आहे.

मला कुणी माफ वगैरे केलेलं नाही. दोन काकवा माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवणात माझ्या ताटात वाढलं ते मीच. चालेल. विनेशराव मात्र शेजारी येऊन बसले, एवढंच म्हणाले, “मला आधी सांगायचं होतंस.” खरं आहे.

मी आईला म्हटलं, आता दादाला बोलावूया, दिवाळीला. तर ती माझ्यावर अशी उसळली की काय सांगू. “त्यानं कशाला यायचं? आपन घालवला त्याला. जायचं बी आपन.” अलिबागच्या पुढे ती गेल्या दहा वर्षांत गेलेली नाही. तरी तिने साडी काढून ठेवली आहे.

तर रविवारी, १२ तारखेला, मी तिला घेऊन उलव्याला येते. गुडघ्यांमुळे तिला जिने चढवत नाहीत, प्रणालीवहिनी म्हणाली की लिफ्ट आहे. मी तिला तुझ्या दारापर्यंत आणीन, बेल वाजवीन आणि खाली उतरेन. गेटपाशी थांबेन, संध्याकाळपर्यंत. तिला तुझ्याकडे राहू द्यायचं असेल तर तसं सांग, मी एकटी परत जाईन. मला वर बोलवायचं की नाही हे तू ठरव, आणि नाही बोलावलंस तरी मी पुढच्या रविवारी येईन. मग त्याच्या पुढच्याही.

मी नेलं, आळ तुझ्यावर आला, आणि मी गप्प बसले.

माफ कर.

बहीण म्हणून सही करायचा हक्क तू देशील तेव्हा,
तोवर नुसती
सुचिता