द्राक्षाच्या सालींचं मलम

प्रिय विशाखा,

वाइन गाळून उरलेल्या द्राक्षाच्या सालींतून तू जखमेतले जंतू मारणारा अर्क काढलास. माझा पाय चिघळला तेव्हा मी त्याचंच मलम मागत होतो. "बाबा, जंतू काचेच्या बशीत मेलेत. माणसावर अजून तपासलेलं नाही," म्हणालीस आणि मला परळला इस्पितळात नेलंस. अंगठा कापावा लागला. तू जिन्यात जाऊन रडलीस.

काल चाळीतला गणपत म्हणाला, "पोरगी जखमेचं औषध करते आणि बापाचाच अंगठा गेला होय?"

मी म्हटलं, "तिचं औषध दुकानात येईल तेव्हा डोळे मिटून लाव, गणपत. कच्चं औषध तिने बापालासुद्धा दिलं नाही."

हे तुला पाठवणार नाही. वाचून पुन्हा रडशील.

तुझा,
नऊ बोटांचा बाबा