भिकूदादाची टाच

मालवण, रविवार, १२ जानेवारी १९५८

आज रबराला हात लावला नाही. एकदाही नाही!

महिनाभर चित्रकलेच्या वर्गात माझी माणसं हवेत लोंबकळत होती. सर रोज म्हणायचे, "पाय टेकव रे त्याचे," आणि मी काढलेले पाय पुन्हा खोडून टाकायचो. असा राग यायचा! आज चित्रासाठी समोर उभं राहायला किनाऱ्यावरून दोरीनं रापणीचं जाळं ओढणारा भिकूदादा आला, तर तोही फोटो काढून घ्यायला आल्यासारखा ताठ. सर म्हणाले, सहज उभे राहा. तो वैतागला. "रिकाम्या हातान उभो कसो रवू, मास्तरानू?"

मला काय सुचलं कोण जाणे. उठलो, खिडकीच्या गजाला दोरी बांधली आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. त्यानं अंग मागं टाकलं, सारवलेल्या जमिनीत टाच रोवली. ती टाच! लहानपणापासून किनाऱ्यावर बघतोय, आणि मी मूर्ख रोज डोक्यापासून सुरुवात करत होतो. आज टाचेपासून केली. पोटरी, कंबर, खांदे, सगळं तिच्यावर आपोआप चढत गेलं.

तास संपल्यावर भिकूदादा चित्रापाशी येऊन वाकला. "टाच माजीच. पण दोरी खंय आसा?"

खरंच, दोरी काढायची राहिलीच होती. मी घाईनं पेन्सिल उचलली, तर सरांनी माझा हात धरला.

"राहू दे. दिसतेय ती."