बारा लिहिलेला डबा

प्रिय दादा,

"मी असल्याबिगर झाकन नाय उघडायचं, बाय." तुझा विजेचा डबा शाळेत आणून ठेवलास, त्या दिवशी एवढं एकच वाक्य तू मला दरडावून म्हणालास. आजवर मी ते पाळलं. पण काल आठवीच्या तासाला मी बटण फिरवलं आणि दिवा लागलाच नाही. मुली टक लावून बसलेल्या. तुला जाऊन सात महिने झाले. आता मी कुणाला विचारू? म्हणून लिहिते आहे.

आठवतं, मी तुझ्याकडे रडगाणं घेऊन आले होते? शाळेतले सेल चार दिवसांत संपायचे. मग मुली विजेचे प्रयोग नुसते वहीत काढायच्या. तू बोईसरच्या गॅरेजात, तारापूरच्या कामावर जाणाऱ्या ट्रकांच्या बॅटऱ्या चार्ज करायचास. ऐकून घेतलंस, कोपऱ्यातला जुन्या चार्जरचा डबा पुढे ओढलास आणि म्हणालास, "ह्याला मानसात आनू."

त्याच्यावर रेडिओ लावला तर नुसतं घूंऽऽ! ती घरघर घालवायला तू वीज साठवून धरणारा एक जाडजूड कपॅसिटर जोडलास आणि आधी एक इवलासा दिवा लावून पाहिलास. भक्कन पेटला आणि गेला.

"अरे, चार्जरवर बारा व्होल्ट लिहिलंय ना?"

"लिवलंय गं. पन त्याला कुठं वाचता येतंय!"

मीटरचा काटा सतरावर होता. बारा व्होल्टच्या लाटेचा माथा सतरापर्यंत जातो आणि कपॅसिटर त्या माथ्यापर्यंत भरतो, हे माझ्या पुस्तकात होतं. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहीत होते! तू मात्र एक दिवा घालवून शिकलास. सातवीत शाळा तू कुणाच्या फीसाठी सोडलीस, हे आपण कधी बोललो नाही.

मग वीज कमीजास्त करायला तू जाड तारेचं वेटोळं बसवलंस, त्यावर फिरणारा काटा, आणि बटण म्हणून औषधाच्या बाटलीचं बूच.

त्या दिवशीचा वर्ग मी कशी विसरेन? मुलींनी दिवा एक तर पेटलेला पाहिला होता, नाही तर विझलेला. तू म्हणालास, "फिरव, बाय." मी बूच फिरवलं. दिव्यातली तार आधी तांबूस झाली, मग शेंदरी, मग पिवळी. उमरोळीहून येणारी एक मुलगी पुटपुटली, "बाई, वीज हलू पन येते?" दादा, इतकी वर्षं वीज शिकवली आणि ती मी पहिल्यांदाच पाहत होते!

तू प्लग काढलास, तरी दिवा लगेच विझला नाही. थोडा राहिला, मग मंदावत गेला. "बंद केली तरी डब्यात थोडी उरते," तू म्हणालास. "म्हनून झाकनाला हात नाय."

तेवढ्यात मोठ्या बाई दारातून हसून म्हणाल्या, "तुमच्या मेकॅनिकला 'बाई' म्हणता येत नाही वाटतं!"

आणि मी म्हणाले, "हो ना. गॅरेजातले आहेत."

दादा, 'बाय' म्हणजे काय, हे मला सांगता आलं नसतं का? माझा भाऊ मला लहानपणापासून अशीच हाक मारतो, एवढंच तर सांगायचं होतं! तुझे हात काळे होते, सदऱ्यावर ॲसिडची भोकं होती, आणि मी तुला 'गॅरेजातले' म्हटलं. तू निदान रागवायचंस तरी. स्टेशनवर उलट हसून म्हणालास, "तू झालीस बाई. आमी बायच म्हननार."

परवा पुन्हा आठवीचा तास आहे. त्याआधी मी प्लग काढेन, थांबेन, तू दाखवलंस तसा दिवा जोडून उरलेली वीज उतरवेन. डबा दुरुस्त होवो न होवो, मोठ्या बाईंना वर्गात बोलावून सांगेन, हा माझ्या सख्ख्या भावाने केला. हे माझं वचन.

आता एक मागू? झाकण उघडायला परवानगी दे. ठाऊक आहे, तू नायच म्हणशील. म्हण. पण परवा वर्गात, माझ्या शेजारी उभा राहून म्हण. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझी
बाय