शिवेबाहेरचं घर

१९ मार्च २०२०, गुरुवार

पोचले एकदाची लेकीच्या घरी! पुण्याहून येताना एसटी जवळजवळ रिकामी होती आणि जे चार-पाच जण होते त्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. बारामतीच्या स्टँडवर संस्कृती नर्सच्या गणवेशातच घ्यायला आली. मी मिठी मारायला गेले तर लेक दोन पावलं मागे सरली. मग दोघींनाही हसू आलं. तिच्या स्कूटरवर मागे बसून भवानीनगरच्या रस्त्याने निघाले. दोन्हीकडे ऊस, मध्येच द्राक्षाची बाग, कालव्याचं गार वारं. किती वर्षांनी अशी उघड्यावर आले!

घर लहानसं आहे पण छान. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या हद्दीजवळ, गाव सुरू व्हायच्या जरा अलीकडे, रस्त्याला लागून. जावई सूरज यंत्रं बसवायच्या कामाला गुजरातेत गेलेत. संस्कृतीला हॉस्पिटलात जादा ड्युटी लागणार, म्हणून पाच वर्षांच्या छकुलीला सांभाळायला मी. छकुलीने आल्या आल्या माझी बॅग तपासली, रंगीत खडू जप्त केले आणि आजी माझ्याच पलंगावर झोपणार, असं जाहीर करून टाकलं.

संध्याकाळी शेजारची रतन पाटीभर ढोबळी मिरची घेऊन आली. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रामहरीचं, पलीकडेच हिरव्या जाळीखालचं मिरचीचं शेडनेट आहे. मला वरून खाली बघून म्हणाली, पुण्याच्या आजी लई गोऱ्या हायत, हितल्या उन्हात पापड व्हईल तुमचा. मला ती फार आवडली.

२२ मार्च, रविवार

आज सगळं बंद. रस्त्यावर एक ट्रॅक्टरसुद्धा नाही. मला आमच्या कॉन्व्हेंटमधले मौनाचे दिवस आठवले. ईस्टरच्या आधी तीन दिवस आम्ही मुली बोलायचो नाही, आणि मग कधी नव्हे ते चिमण्या ऐकू यायच्या. संध्याकाळी छकुलीने बडवून बडवून पातेल्याला पोचे पाडले.

२५ मार्च, पाडवा

कडुलिंबाची डहाळी आणि माझी एक जुनी इरकल लावून छोटीशी गुढी उभारली. संस्कृती आता हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्येच राहणार आहे. घरी येऊन आम्हाला काही झालं तर, या भीतीने. छकुलीने फोनवरच तिला साखरेची माळ भरवली.

रामहरीची मिरची वाशीच्या बाजारात जायची. गाडी अर्ध्या वाटेवरून परत पाठवली. झेंडूवाल्यांनी तर ऐन सणाची फुलं बांधावर ओतली. सगळा रस्ता पिवळा झालाय आणि कुजका वास सुटलाय. रतन म्हणाली, मिरची म्हशीम्होरं टाकतोय, आमच्या म्हशी आता पिझ्झा मागत्याल. हसली, पण डोळे सुजलेले होते. रामहरी शेडनेटच्या दारात पाठ करून बसला होता. तो हसला नाही.

२८ मार्च, शनिवार

गावकऱ्यांनी रस्ता अडवला. उसाची एक ट्रॉली आडवी घातली आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाभळीचे काटे रचले. पुढच्या गावानेही आमच्या घराच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला रस्ता खणून ठेवलाय म्हणे. ते एक वेळ समजू शकते. पण हा अडसर आमच्या घराच्या पलीकडे, गावाच्या बाजूला आहे. म्हणजे आम्ही बाहेर. रामहरीचं शेत आत, आमचं घर बाहेर.

मी विचारायला गेले. रामहरी खाली बघत म्हणाला, ट्रॉली बसायला जागा तितंच व्हती. दत्तोबा म्हणून एक म्हातारे आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात आणि मरीआईच्या देवळाचं तेच बघतात. त्यांनी हात जोडून सांगितलं की बाई, राग मानू नगा, पर तुमी पुण्याच्या, आन लेक दवाखान्यात.

रतनने काठीच्या टोकाला पिशवी लावून काट्यांवरून वांगी दिली.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी फाटकासमोर एक गंमत सापडली. हातभर लांबीचा लाकडी गाडा, चार चाकांचा, सुताराने मन लावून केलेला. वर लाल-पिवळं कापड, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, पानावर दहीभात, आणि मध्ये नाकात नथ घातलेली लाकडाची बाहुली. पुढे सुती दोरी. छकुलीने मला हाक मारेपर्यंत दोरी हातात धरून गाडा खडखडत अंगणात आणलाही होता.

मला भरून आलं. लहान मुलीला वाळीत टाकल्याचं कुणाला तरी वाईट वाटलं असेल आणि त्याने खेळणं आणून ठेवलं असेल. माझ्या वडिलांनी एकदा सावंतवाडीहून असाच गाडा आणला होता. मी काट्यांपाशी जाऊन मोठ्याने आभार मानले. पलीकडे चार-पाच माणसं उभी होती. एकानेही मान वर केली नाही. रतन डोक्यावर पाटी घेऊन येत होती. तिने छकुलीच्या हातातली दोरी पाहिली, पाटी तिथेच टाकली आणि पळत सुटली.

१ एप्रिल, बुधवार

रतन काट्यांपाशी येऊन बराच वेळ रडली आणि मग बोलली. तो मरीआईचा गाडा. रोगराई आली की गाव देवीला गाड्यात बसवतं आणि वाजतगाजत आपल्या शिवेवर नेतं. तिथे पुढच्या गावची माणसं निवद घेऊन वाट बघत असतात. ती दोरी हातात घेतात आणि आईला आपल्या शिवारातून पुढच्या शिवेवर पोचवतात. असं गावोगाव, थेट नदीपार. गाडा ढकलून द्यायचा नसतो. पुढच्याने आपखुशीने दोरी धरली पाहिजे. आणि तो मुक्कामी राहता कामा नये. जितं गाडा ऱ्हातो, तितं आई उतरती.

यंदा कुणीतरी चोरून आणून तो या गावाच्या शिवेवर ठेवला. पुढे न्यावा तर पोलीस चार माणसं जमू देत नाहीत, आणि पुढच्या गावाने रस्ताच खणलेला. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता आपली शीव म्हणजे ट्रॉली, आणि गाडा तिच्याबाहेर, आमच्या फाटकाशी आणून ठेवला.

माझा फार संताप झाला. मी तिला विषाणू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, व्हय ओ आजी, मास्क आमीबी लावतो. पर गाडाबी काढतो.

काल रात्रभर तो गाडा आमच्या अंगणात होता.

३ एप्रिल, शुक्रवार

गाडा काल फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. आज दुपारी छकुलीला कुशीत घेऊन पडले होते. बाहेर चाकांचा आवाज आला. सुक्या लाकडाचा, सावकाश, मध्येच थांबणारा. वारा असेल म्हटलं. उठून पाहिलं तर गाडा फाटकाच्या आत, तुळशीपाशी. फाटकाची कडी लावलेली.

छकुली माझ्या शेजारीच झोपली होती. तिचं बोट माझ्या मुठीत होतं.

५ एप्रिल, रविवार

छकुलीला ताप आहे. सकाळी तिने दहीभात मागितला. दह्याच्या वासाने पळणारी ही पोर! कालवून दिला. तिने एक घास स्वतः खाल्ला आणि एक घास समोर धरला. मग पुन्हा एक स्वतः, एक समोर. समोर फक्त भिंत आहे. मला वाटलं, बाहुलीशी खेळतात तसं खेळतेय. पण समोर धरलेला घास ती ताटात परत ठेवत नव्हती. खाली सांडतही नव्हता. हात माघारी यायचा तेव्हा रिकामा असायचा.

कुणाला भरवतेस, असं विचारलं. म्हणाली, तिला खूप लांबून भूक लागलीये.

७ एप्रिल, मंगळवार

ॲम्ब्युलन्स कालव्याच्या रस्त्याने येऊन गेली. घशातला नमुना नेला. डॉक्टरांनी सांगितलं, हॉस्पिटलात आणू नका, तिथे जास्त धोका आहे, औषध द्या, पाणी पाजत राहा. संस्कृतीच्या वॉर्डात रोगी निघाले म्हणून तिलाच आता वेगळं ठेवलंय. ती फोनवर रडली. मला आई म्हणून हाक मारली आणि फोन ठेवून दिला. मी तिला गाड्याचं सांगितलं नाही. काय सांगणार?

गाडा पायरीवर आहे.

९ एप्रिल, गुरुवार

नमुन्यात काही निघालं नाही. ताप उतरत नाही.

गाडा व्हरांड्यात आला. मी जाळायचं ठरवलं. मागच्या अंगणात नेला, रॉकेल शिंपडलं, काडी लावली. कापडाने पेट घेतला, आणि घरातून छकुलीची किंकाळी — पाय भाजतायत, पाय भाजतायत. धावत गेले. दोन्ही तळवे लाल. परत येऊन बादलीभर पाणी ओतलं. कापड ओलं झालं होतं. जळल्याची कुठे खूणसुद्धा नाही. बाहुलीची मान माझ्याकडे वळलेली.

आधी ती समोर बघायची. मला नक्की आठवतं, समोर.

१० एप्रिल

आज गुड फ्रायडे. लहानपणीच्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या, मग रामरक्षा. अर्ध्यात विसरले. विसरलेली ओळ आतल्या खोलीतून कुणीतरी पुढे म्हटली.

छकुलीला रामरक्षा येत नाही.

११ एप्रिल

गाडा पलंगाशी. दत्तोबांकडे गेले. मी काट्यांपाशी गुडघ्यांवर बसले. म्हटलं, लहान मुलीच्या दारात ठेवलात. ते म्हणाले, आमी फकस्त ठेवला. दोरी तिनं धरली. मग स्वतःच रडायला लागले. म्हणाले, माजी नात असती तर काय केलं असतं ते इचारू नगा.

त्यांनी सांगितलं, उपाय एकच. मी धरून चालत नाही, घर एकच. या गावाबाहेरच्या परक्या कुणीतरी दोरी धरली पाहिजे. आपणहून.

१२ एप्रिल

रतन काट्यांतून आली. हात सोलवटले होते, लुगडं फाटलं होतं. रामहरीने अडवलं तर सगळ्यांसमोर ओरडली — मिरची कुजली ती कुजली, आता पोरीबी कुजू द्यायच्या व्हय रं?

ती छकुलीजवळ बसणार. मी उद्या सकाळी गाडा घेऊन पुढच्या गावाकडे जाते. छकुली डोळे उघडत नाही. ओठ हलतात. आवाज तिचा नाही — 

१३ एप्रिल

कालव्याच्या कडेला, लिंबाखाली. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहिते.

खणलेल्या रस्त्यापर्यंत गेले होते. पलीकडे माणसं होती. गाडा बघताच दगड मारले. म्हातारे, माघारी फिर. एक दगड खांद्याला लागला. हात जोडले, पाया पडते म्हटलं. कुणी दोरी धरली नाही. कोण धरेल?

मागे ट्रॉली, पुढे खड्डा. मध्ये मी आणि ही. ओढताना जड लागत होता. हातभर गाडा. माणूस बसल्यासारखा जड — 

रतनचा फोन. पोरगी वळखंना. श्वास वर लागलाय. आजी, धरली का ओ कुणी?

नाही म्हटलं.

कालव्याच्या बाजूने माणसं येतायत. नवरा-बायको, डोक्यावर बोचकी. वीटभट्टीवर होते, भट्टी बंद झाली, परभणीकडे चालत निघालेत. पाणी मागितलं. दिलं. समोरच्या सावलीत बसलेत. दोघांचे डोळे मिटतायत.

त्यांची मुलगी. छकुलीएवढी. एका पायात चप्पल. गाड्याकडे बघतेय.

सांगायला हवं. एक शब्द पुरे. नको, एवढाच — 

उठली. येतेय. दोरी माझ्या हातातून कधी सुटली? मी सोडली नाही. मी — खाली ठेवली फक्त.

फोन वाजतोय. रतन. उचलत नाही.

जवळ आली. माझ्याकडे बघून हसतेय. विचारतेय, आजी, घेऊ का — 

तोंड उघडून ओरडायला हवं. उठायला हवं. तिची आई चार पावलांवर आहे. आणि मी लिहितेय. खाली मान घालून, मी अजून लिहितेच —