फाट्यापर्यंत सोडायला

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहायला बसले आहे, तेही दवाखान्यातल्या माझ्या खोलीत, भर दुपारी, छापील फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर. नांदेडात समुपदेशक आहे मी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "म्हंजे नेमकं करतीस काय गं दिवसभर?" ज्यांनी जीव द्यायला पाहिलं आणि जे वाचले, त्यांच्याशी मी बोलते. आधी इथे खाटेपाशी, मग त्यांच्या गावी जाऊन. मानसोपचाराचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस मी, हे फॉर्म आणि एक जीप. एका दिवसात सात गावं करावी लागतात, आणि माझ्या खोलीला इथले लोक येड्यांची खोली म्हणतात, त्यामुळे दारात येऊनही निम्मे परत जातात.

तुझ्याकडे ना खोली होती ना फॉर्म. उदगीरकडच्या खेड्यांत तू नर्स होतीस आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला बरोबर फिरवायचीस. घरात शिरलीस की आधी पाणी मागायचीस. सासूसमोर सुनेला कधी काही विचारलं नाहीस. लेकराचं वजन, गोळ्या, तूर कशी आहे, बस्स. निघताना मात्र सहज म्हणायचीस, "चल गं, मला फाट्यापर्यंत सोडायला ये." आलेल्या माणसाला सोडायला जाऊ नको असं कोणती सासू म्हणेल? ज्या घरांत आपल्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, त्या घरांतल्या सुनासुद्धा डोक्यावर पदर घेऊन तुझ्याबरोबर निघायच्या. गाव मागे पडलं की त्या बोलायला लागायच्या. तू काही विचारतही नव्हतीस, फक्त हळू चालायचीस. मला त्या हळू चालण्याचा भयंकर राग यायचा.

दहा वर्षांची असेन मी. फाट्यावरच्या बाभळीखाली एक सून तुझ्याशी बोलते आहे. तिच्या तोंडाशी पदराचा बोळा आहे आणि ती म्हणते आहे, "सिस्टर, मला आता जगूच वाटंना. लेकराकडं बगून बी वाटंना." तेवढ्यात वळणावर धूळ दिसते आणि मी ओरडते, "आई, एसटी आली! चल ना लवकर!" तिने पदर नीट केला. डोळे पुसून म्हणाली, "जावा सिस्टर, गाडी जाईल तुमची." तू एसटीला हात केला नाहीस. माझ्या मात्र थोबाडीत ठेवून दिलीस, आयुष्यातली एकुलती एक. "गाडी सांजच्याला बी हाय. तिचं बोलनं पुन्ना येत न्हाई." मग तुम्ही दोघी तिथेच मैलाच्या दगडाशी बसलात आणि मी गाल चोळत लांब बसले. ऊन कलल्यावर तू पिशवीतून शेंगदाणे नि गूळ काढून माझ्या हातावर ठेवलास, पण चुकलं माझं असं काही म्हणाली नाहीस. ती बाई पुढे कितीतरी वर्षं उदगीरच्या बाजारात भेटायची आणि तुझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी कोंबायची.

आता माझं ऐक. मागच्या महिन्यात मी देगलूरकडच्या एका गावात गेले. बावीस वर्षांची पोरगी, एकदा वाचलेली. सासू बाजेवर बसलेली, आणि मी तिच्यासमोरच फॉर्म वाचायला लागले. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का. सासूच म्हणाली, "चांगली खाती-पिती की. काय धाड भरली तिला?" पोरगी खाली बघून म्हणाली, "समदं बरं हाय म्याडम." मी बरोबरच्या खुणा केल्या. तुझी लेक, आई, आणि मी सासूसमोर खुणा केल्या. उठले तर पोरगी मागोमाग दारापर्यंत आली, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "फाट्यापर्यंत येते की सोडायला." जीप दारातच उभी होती. मी म्हणाले, "कशाला उन्हात? गाडी आहे ना." बाराव्या दिवशी तिला पुन्हा दवाखान्यात आणलं.

वाचली ती. पण चार दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडून आहे. डॉक्टर म्हणतात, बोलती करा. मी सगळे उपाय केले. सासूला चहाला पाठवलं, खाटेवर बसले, तिचा हात धरला. काल शेवटी तुझंच वाक्य उसनं घेतलं, "चल गं, मला गेटापर्यंत सोडायला ये." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुमची गाडी हाय की म्याडम." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मग पुन्हा कुशीवर वळली. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मला काही सुचत नाही गं. उद्या तिला सुट्टी देणार आहेत. नवरा न्यायला येणार आहे. तिसऱ्या वेळी ती दवाखान्यापर्यंत पोचेलच असं कोण सांगणार?

ड्रायव्हरला मी उद्या येऊ नको म्हणून सांगितलंय. तिच्या नि नवऱ्याच्या बरोबर एसटीने जाईन, फाट्यावर उतरेन आणि तिच्या घरापर्यंत तिला चालत सोडेन. बोलली तर बोलली. नाही बोलली तर परवा पुन्हा जाईन. बाकीची सहा गावं कशी व्हायची, मला माहीत नाही.

हा कागद तिच्याच फाइलीत राहील, उलटा. दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांनी हे पुन्हा कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, तिला बोलायचं होतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. आई, ते खोटं आहे. तिने चपला घातल्या तेव्हाच मला कळलं होतं. त्या दिवशी आणखी एकीचं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून मी गाडीत बसले.