माझं बोलणं मलाच पुरं करू द्या

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेल्यांची नातवंडंही आता पाटीवर रेघोट्या ओढतात. मी हल्ली भरपूर बोलतो. इतकं, की जेवताना सून म्हणते, "बाबा, आधी भाकर खाई ल्या." अडखळतो अजूनही; 'क' आणि 'म' अजून दारात आडवे बसतात. पण त्यांना ओलांडून जायला मी तुमच्यामुळे शिकलो. हे तुम्हाला कधी धड सांगितलं नाही, म्हणून आज हा कागद घेऊन बसलो आहे.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वडील आदल्या वर्षी गेलेले, घरात आई आणि मी, आणि तापीकाठचं ते एकुलतं एक शेत. शेजारच्याने उन्हाळ्यात एका सकाळी दोन गडी लावून हद्दीचा दगड आमच्या शेतात सरकवला आणि आमची विहीर त्याच्या बाजूला घेतली. विहीर गेली म्हणजे शेत गेल्यातच जमा. हे पाहणारा मी एकटा, बांधावर दात घासत उभा. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तोवर ते दगड ठोकून निघूनही गेले. आता तालुक्याच्या कचेरीत मामलेदारसाहेबांपुढे साक्ष द्यायची होती, आणि मला स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटायचा. गावात म्हणे पैज लागली होती, की हा "मी" म्हणेपर्यंत कचेरीला कुलूप लागेल.

आईने उपाय करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. वेखंड उगाळून जिभेला लावलं, प्रकाशा गावच्या देवळातल्या घंटेत पाणी धरून पाजलं, जिभेखाली खडा ठेवून बोलायला लावलं. तो खडा मी एकदा गिळला, एवढाच काय तो गुण आला. शेवटी तिने शाळेत येऊन तुम्हाला गाठलं. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "जखम मांडीला नि मलम शेंडीला! याच्या जिभेला काही झालेलं नाही. इलाजाचं नंतर पाहू, आधी पंधरा दिवस मला नुसतं ऐकू द्या."

ते पंधरा दिवस मला अजून दिसतात. शाळा सुटली की तुम्ही शेतावर येता, वही उघडून बांधावर बसता. मी औत हाकतो, बैलांशी बोलतो, एकदाही अडत नाही. तुम्ही लिहिता. तुमच्यासोबत एका सुरात धडा वाचतो, तरी अडत नाही. तेही लिहिता. एकट्याने वाचायला घेतो आणि तिसऱ्या ओळीत गाडी रुतते. तुम्ही न्हाव्याकडून आणलेला आरसा समोर धरता, तेव्हा मला पहिल्यांदा कळतं की अडलो की मी डोळे मिटतो, श्वास कोंडतो आणि उजवा पाय जमिनीवर आपटतो. एकोणीस वर्षं मी माझंच तोंड पाहिलं नव्हतं म्हणायचं.

त्याच दिवसांत आईने मला बाजारात मिरची आणायला धाडलं. "मिरची" हा शब्द तोंडातून निघेना, म्हणून मी हळद घेऊन आलो. आई हसली. मीही हसलो. तुम्ही मात्र असे भडकलात की काय सांगू! वर्गात कुणी 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की छडी उगारणारे तुम्ही, त्या दिवशी स्वतःच अहिराणीवर उतरलात. "सबदले भ्याईसन पळस का रे? कचेरीमा बी असाच पळशी, ते लोके तुले लबाड म्हनतीन!" ते मला फार लागलं. रात्रभर नव्हे, वर्षभर लागलं, पण त्यानंतर एकही शब्द मी चुकवला नाही.

आणि मग वही मिटून तुम्ही आमच्या ओट्यावर आलात. मला वाटलं, आता जिभेचे व्यायाम सांगणार. तुम्ही बोललात ते आईशी. म्हणालात, याचं सगळ्यात जास्त अडतं ते तुझ्यासमोर, कारण हा पहिलं अक्षर काढतो न काढतो तोच तू शब्द पुरा करतेस. "बहीन, येनं बोलनं येलेच पुरं करू दे." आईचा चेहरा एवढासा झाला. "तेना जीव घाबरा व्हस मास्तर, माले दखावत नही." त्या दिवसापासून मी अडलो की ती पदराचा बोळा तोंडात धरायची आणि गप्प राहायची. मला वाटतं, आमच्या दोघांत जास्त अवघड अभ्यास तिचाच होता. मला तुम्ही एकच धडा दिलात: समोरच्याला आधीच सांगून टाकायचं, की मी अडखळतो, थांबावं लागेल.

कचेरीत मी तेच सांगितलं. "साहेब, मी अडखळस, पन खरं बोलस. थांबनं पडी." कुणीतरी खिदळलं. शेजाऱ्याच्या वकिलाने विचारलं, "दगड सरकवताना तू पाहिलंस?" माझा 'मी' ओठांतच अडकला. वकील क्षणभर थांबले आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "साक्षीदाराला काही माहीत नाही. लिहून घ्यावं." कारकुनाने टाक दौतीत बुडवला. मागे तुम्ही आणि आई बसला होतात, आई बोळा दातांत घट्ट धरून. मी डोळे उघडे ठेवले, पाय जमिनीवर टेकवून ठेवला, श्वास सोडला आणि म्हणालो, "साहेब, मन्हं बोलनं आजून सरनं नही." साहेबांनी कारकुनाला हाताने थांबवलं. मग मी, अडत अडत का होईना, सगळं सांगितलं: मी मन्हा डोयाघाई दखं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं; गडी किती होते, पहार कुणाच्या हातात होती, दगड किती पावलं सरकला. एकही शब्द दुसऱ्या कुणाला घालू दिला नाही. महिन्याभरात दगड जागेवर आला, विहीर आमची झाली. त्या दिवशी गाडीत बसून गावात येताना मला हत्तीवरून साखर वाटावीशी वाटत होती.

हा कागद धाडायला पत्ता नाही, आणि ते बरंच आहे, कारण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. शेवटी साहेबांनी विचारलं होतं, दगड सरकवायला लावणारा माणूस कोण? मी कितीतरी वेळ गप्प उभा राहिलो आणि मग शेजाऱ्याचं नाव घेतलं. तुमचे डोळे भरून आले होते. पुढे मरेपर्यंत तुम्ही प्रत्येक वर्गाला सांगत आलात, की तो एक शब्द या पोराने कसा झुंजून बाहेर काढला. मी ऐकायचो आणि मान खाली घालायचो. मास्तर, ते नाव माझ्या जिभेवर केव्हाच तयार होतं. सगळी कचेरी माझ्या तोंडाकडे पाहत होती, कुणी मध्ये बोलत नव्हतं, शेजारी घाम पुसत होता, आणि मला ते इतकं गोड लागलं की मी मुद्दाम त्यांना ताटकळत ठेवलं.