साडेपाचपर्यंत कूलर बंद

बाबा,

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तिकडे हवा कशी आहे हे मी विचारणार नाही. पोचलात त्याच दिवसापासून तुम्ही तिची नोंद ठेवत असणार आणि शेजारपाजाऱ्यांना वैताग आणला असणार. यंदा घरात जे झालं ते सांगायला बसले आहे, ते काही प्रेमापोटी नाही. ज्याला हे समजेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही, हीच तर तक्रार आहे.

तुमच्या काळी अख्ख्या मोहल्ल्यात पाऊस मोजणारे तुम्ही एकटे होता, आणि लोक मागून हसायचे. आता तुमच्यासारख्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे आणि मी त्यात आहे. चैत्र लागला की या मंडळींच्या अंगात येतं. मौद्याच्या सभासदाचा पारा नागपूरपेक्षा अर्धा अंश कमी भरला तर तो दिवसभर कोणाशी बोलत नाही. नवतप्याच्या नऊ रणरणत्या दिवसांत एक दिवस ढग आले तर सांत्वनाचे निरोप फिरतात. एप्रिलात काटोलकडे गारपीट झाली, तेव्हा तिथल्या सभासदाने गारेशेजारी लिंबू ठेवून फोटो टाकला. मागे कोणाच्या तरी बागेतली कोवळी संत्री जमिनीवर सडा पडल्यासारखी दिसत होती, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. कन्हानच्या माणसाने एवढंच विचारलं, ‘‘लिंबू मोठं होतं का लहान?’’ सगळे भले लोक आहेत. त्यांच्यातल्या एकाच्याही बायकोशी माझी ओळख नाही, पण तिचं म्हणणं मला पाठ आहे.

कारण ते मी आपल्या घरात ऐकलेलं आहे, किंवा खरं म्हणजे ऐकलेलं नाही. उमरेडला आईच्या माहेरचा हातमाग मोडला तेव्हा त्याचं सागवान तिच्या वाट्याला आलं होतं. तिला त्याचं फडताळ करायचं होतं. तुम्ही त्याचा थर्मामीटरचा डबा केलात, झडपांचा, पांढरा रंग दिलेला, आणि अंगणात चार पायांवर उभा केलात. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कूलरची ओली खस त्या डब्यापासून चार हातांवर. म्हणून नियम झाला, संध्याकाळी साडेपाचची नोंद होईपर्यंत कूलर बंद. नागपुरात, मे महिन्यात. शाळेत तुम्ही मुलांना भूगोल शिकवायचात, आणि घरी आम्हाला वाळवंट.

मी दहा वर्षांची आहे. दुपारचे चार वाजलेत. आई स्टोव्हसमोरून उठते, परत बसते, मग तिथेच आडवी होते. तिचं अंग तव्यासारखं तापलं आहे आणि घामाचा थेंब नाही. मी कूलरच्या बटणाकडे धावते. तुम्ही वही घेऊन अंगणातून आत येता आणि माझं मनगट धरता.

‘‘काहून हात लावून राहिली?’’

‘‘बाबा, आई पडली.’’

‘‘पाहिलं ना मी. ओला टॉवेल टाक तिच्या अंगावर. आता कूलर लावला तर डब्यातला पारा खाली येते. आज मोठा आकडा आहे, समजलं का? दीड घंट्याचा तर प्रश्न आहे.’’

मग तुम्ही तिच्याशेजारी बसलात आणि त्याच वहीने तिला वारा घालत राहिलात. हे मी विसरलेले नाही. मनगट धरलेलंही विसरलेले नाही. ती चार दिवस अंथरुणात होती. पाहायला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, ‘‘मीच नको म्हटलं वं कूलर. मले सर्दी होते.’’ त्या वर्षी वाढदिवसाला तुम्ही मला पाऊस मोजायचा काचेचा ग्लास दिलात. दुसऱ्या मुलींना बाहुल्या मिळत. तो ग्लास अजून फुटलेला नाही, हे तुमचं नशीब की माझं, ठरवता येत नाही.

यंदा पोळा होऊन आठवडा झाला होता. पहाटेपासून पाऊस असा, की पत्र्यांचा आवाजसुद्धा वेगळा येईना. आई गुडघ्यांमुळे खाली झोपते, मी वर. सातच्या सुमाराला तिची हाक आली, ‘‘अंगणात पाणी येऊन राहिलं वं. नाला भरला वाटते.’’ मी ‘‘आले’’ म्हणाले आणि गच्चीवर गेले. पर्जन्यमापकाची बाटली काठोकाठ आली असणार, आणि ती एकदा सांडली की त्या दिवसाचा आकडा जन्मात मिळत नाही. हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. भर पावसात, डोक्यावर परात धरून मी ग्लास भरत होते, बादलीत ओतत होते. पाचवा की सहावा, विसरले. मग बादलीतलं सगळं पहिल्यापासून परत मोजलं. खालून आणखी दोनदा हाक आली.

खाली आले तेव्हा पाणी खाटेच्या पट्ट्यांना लागलं होतं. आई वर पाय ओढून बसली होती, मांडीवर औषधांचा डबा, डब्यावर चष्मा. शेजारचे काका गल्लीतल्या कमरेएवढ्या पाण्यातून आले, आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. कोरडी झाल्यावर तिने माझ्याकडे न पाहता विचारलं, ‘‘मापला का?’’

‘‘कुठला मापते, आई. जिन्याचं दार अडकलं होतं. पावसानं फुगलं. खाली येताच येईना.’’

‘‘हो का,’’ ती म्हणाली.

ग्रुपवर माझा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. दोन दिवस अभिनंदन चाललं होतं. आकडा किती ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही आयुष्यभर ज्याची वाट पाहिलीत त्याहून तो मोठा आहे, एवढंच. बसा तळमळत.

चिखल काढून झाल्यावर आईने सुताराला बोलावलं. त्याने जिन्याचं दार चार वेळा उघडलं, लावलं. ‘‘आजी, हे तर कुठंच अडकत नाही. मख्खन चालून राहिलं.’’

‘‘अडकते,’’ आई खाटेवरून म्हणाली. ‘‘पावसात अडकते. तू घास.’’

‘‘फट पडंल, आजी.’’

‘‘पडू दे. पैसे देऊन राहिली ना मी? घास.’’

त्याने घासलं. आता तिथे बोटभर फट आहे आणि तिच्यातून येणारं गार वारं आईच्या गुडघ्यांना लागतं. कोंबायला कागद हवा म्हणून तुमच्या वह्यांतली एक फाडायला काढली. मधली पानं तुमच्या अक्षराने भरलेली, ती फाडवली नाहीत. शेवटची कोरी होती, त्यांच्यावर हे लिहिलं आहे. घड्या घालून आता मी ती फटीत बसवते.

दार उघडंच होतं, बाबा.